परत न आलेल्या पाठराखिणी

मुंबईच्या बंदरात उतरवण्याआधी खालाच्या आईकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं: हे माझे चाचा आहेत. तिला ती भाषा येत नव्हती. त्यातला कुठला शब्द ‘माझे’ आणि कुठला ‘चाचा’ हेसुद्धा तिला कळत नव्हतं. आवाजाचा एक तुकडा तिच्या तोंडात ठेवला होता आणि गोरा साहेब समोर आला की तो बाहेर काढायचा, एवढं समजावलं होतं. समजावलं म्हणजे काय केलं, ते खालानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खाला हबशी होती. जालन्यात माझ्या मामाच्या घराला लागून एक खोली होती, तिथं एकटी राहायची. तिचा नवरा हैदराबादेत हबशी रिसाल्यात स्वार होता. तो गेल्यावर ती आपल्या जन्मगावी परतली होती. मी शिकायला मामाकडे आले तेव्हापासून दुपारी तिच्या ओट्यावर बसायचे. ती पान लावायची, मी वाचून दाखवायचे. वाचायचे ती मामाकडची पत्रकं.

ही पत्रकं वऱ्हाडातून यायची. तिकडे इंग्रजाचं राज्य, इकडे निजामाचं. तिकडे छापलेला कागद इकडे सापडला तर पोलिसांचा अमीन मामाला उचलून नेणार हे ठरलेलं. म्हणून ती सरकीच्या पोत्यांत तळाशी दडून यायची आणि त्यांना कायम ढेपेचा वास असायचा. मी बाराखडी शाळेत गिरवली, पण वाचायला शिकले ती या कागदांवर. माणसाला माणूस विकता येत नाही, जमीन कसणाऱ्याची, बाईला अक्कल असते, हे सगळं मला घरात कुणी शिकवलं नाही, सरकीच्या पोत्यानं शिकवलं.

त्यातच एक अर्धं फाटलेलं चोपडं गुलामांच्या व्यापारावर होतं. त्यात लिहिलं होतं की विलायतेहून निघणारी गलबतं रिकामी नसत. कापड, बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी, काचेचे मणी भरून ती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागत. माल उतरे, त्याच्या बदल्यात माणसं चढत. ही माणसं गोऱ्यांनी बहुधा स्वतः पकडलेली नसत. आत दूर कुठंतरी लढाई होई, गाव जळे, आणि पकडलेले लोक एका हातातून दुसऱ्या हातात जात किनाऱ्यावरच्या किल्ल्यापर्यंत येत. गलबतावर पुरुष दोघादोघांना मिळून एक बेडी, बायका-पोरं वेगळी. हातपाय आखडून भाव उतरू नये म्हणून त्यांना वर आणून चाबकाच्या धाकानं नाचवत. समुद्रापलीकडच्या बेटांवर त्यांना उसाच्या मळ्यांत विकत आणि तीच गलबतं साखर भरून माघारी येत. एकही खेप रिकामी नाही. या मालाचा विमासुद्धा असे. माणूस रोगानं मेला तर भरपाई नाही. जहाज वाचवण्यासाठी पाण्यात टाकावा लागला असं दाखवलं तर भरपाई. मग काही कप्तानांनी काय केलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. त्या कापडातलं बरंचसं कापड आपल्याकडचं होतं. गुजरातच्या आणि मद्रासकडच्या विणकरांनी विणलेलं, रंगाऱ्यांनी रंगवलेलं. विणकर म्हणणार मी कापड विणलं. व्यापारी म्हणणार मी कापड विकलं. नावाडी म्हणणार मी शीड ओढलं. माणूस विकला कुणी, असं विचारत गेलं तर कुणाचाच हात सापडत नाही.

हे मी तावातावानं वाचून दाखवलं तेव्हा खालानं पानाचा देठ खुडला आणि म्हणाली, “वो दूसरा समंदर है बेटी. मेरी माँ का समंदर इधरका.”

“तिथंपण गोरेच होते ना?”

“गोरे लोगाँ नई थे. अरबाँ थे. और पैसा लगानेवाले अपने सेठाँ थे. कच्छ के. तेरी किताब में उनका नाम नई है क्या?”

नव्हतं. मग पुढचे कितीतरी दिवस ती थोडंथोडं सांगत गेली. तिची आई मोठ्या सरोवराच्या काठची. शेतात पाखरं राखताना धरली. पुरुषांच्या मानेत दुबेळक्याचं लाकूड अडकवलं, बायकांना दोरानं एकामागे एक बांधलं. लहान पोरांना कुणी बांधलं नाही. आई बांधलेली असली की पोर पळत नाही, हे त्या लोकांना ठाऊक होतं. जाताना त्यांच्याच डोक्यावर हस्तिदंत दिले, म्हणजे वाहणाराही विकायचा आणि वाहिलेलंही. चालवेना त्याला वाटेत सोडलं. किनाऱ्याला पोचेपर्यंत खालाच्या आईला बांधणारं कुणी उरलं नव्हतं, कारण जिला बांधलं होतं ती तिची आई वाटेतच राहिली.

तिथून होडीनं झांजिबार बेट. तिथं डोईगणिक जकात भरायची, जशी आपल्याकडे मोंढ्याच्या बाजारात गाडीगणिक भरतात. मग अंघोळ घातली, खोबरेल चोळलं, नवं फडकं नेसवलं आणि संध्याकाळी बाजारात रांगेनं फिरवलं. दात बघितले, चालायला लावलं. दक्षिणेचं वारं सुटलं की गलबतं उत्तरेला मस्कतकडे निघत. पोरांना गुडघे छातीशी घेऊन खेटून बसवत. मूठभर भात, थोडं पाणी. मस्कतला पुन्हा विक्री, आणि तिथून मुंबई.

पण तोवर इंग्रजानं समुद्रावरून गुलाम आणायला बंदी केली होती. त्याच्या आगबोटी गलबतं अडवून तपासत. बंदी आली म्हणून धंदा थांबला नाही. त्यानं नातं जोडलं. बाई असेल तर ती व्यापाऱ्याची बायको. पोरगी असेल तर लेक, नाहीतर पुतणी. गोरा साहेब विचारी, ही तुझी कोण? पोरगी म्हणे, हे माझे चाचा. साहेबाचं समाधान होई.

“पण तिनं खरं का नाही सांगितलं?” मी विचारलं. मला तेव्हा असे प्रश्न सोपे वाटायचे. “साहेब सोडवायलाच तर उभा होता.”

खाला पानाला चुना लावत म्हणाली, “बोलके जाती किधर? सारे बंदर में उसकू वो एकीच आदमी पहचान का था.”

त्या माणसानं तिला हैदराबादेत एका देवडीत, म्हणजे बड्या घराच्या वाड्यात, विकलं. पुढे त्या देवडीतली मुलगी जालन्याच्या एका जहागीरदाराकडे दिली, तेव्हा हांडे, पलंग, गालिचे यांच्याबरोबर तीही आली. मेण्यामागून चालत. कुणी विचारलं तर सांगायचे, दुल्हन की सहेली है. खाला त्या घरात जन्मली.

हे सगळं मी आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी लिहून काढत होते. लिहून होत आलं होतं, तेवढ्यात गावाहून काकाचा माणूस आला. चुलत बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि मी लगेच निघायचं होतं.

काकाचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं. माझे वडील लवकर गेले; जमीन, बारदाना, गावातला मान, सगळं काकाकडे. त्या घरात मी लहानपणापासून दोन माणसं बघत आले होते, जी आमच्या नात्यातली नव्हती पण घरातलीच होती. एक काकूची बाई, तिला मी मावशी म्हणायचे. दुसरी तिची लेक, तेव्हा बारा-तेरा वर्षांची. पहाटेपासून शेण, पाणी, दळण, भांडी, काकूचे पाय चेपणं, सगळं या दोघींकडे. पगार नावाचा शब्द त्यांच्या बाबतीत कुणी उच्चारला नव्हता. घरच्या माणसाला कुठं पगार असतो?

मावशी या घरात आली कशी, हे मला ठाऊक होतं. लपवण्यासारखं कुणाला काही वाटतच नव्हतं. काकू लग्न होऊन आली तेव्हा मावशी तिची पाठराखीण म्हणून आली होती. आपल्यात नवी नवरी सासरी एकटी जात नाही. तिच्याबरोबर धाकटी बहीण, आत्या, कुणीतरी पाठराखीण जाते, चार-पाच दिवस तिच्याजवळ झोपते, तिची भीड मोडते. मग माहेरहून मुराळी येतो आणि दोघींना मांडवपरतणीला घेऊन जातो. पाठराखिणीला मान असतो. मावशी त्या मानानं आली आणि परत गेलीच नाही. हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. खालाची गोष्ट ऐकल्यानंतर पहिल्यांदा मला ते ऐकू आलं.

हळदीच्या दिवशी सकाळी माजघरात काकू आंदण लावत होती. घंगाळ, समया, ताटं, गाद्या. एका पोत्याला टेकून एक गाठोडं होतं, आणि त्यातून त्या पोरीची गोधडी दिसत होती. ठिगळांमुळे मी ती लगेच ओळखली.

“काकू, ही गोधडी इथं कशी?”

“पोरगी पाठराखीण जाऊन राह्यली ना. पाच रोजांत येईल माघारी.”

“पाच रोजांसाठी गोधडी?”

“थंडी वाजती तिला.”

वैशाख होता. बाहेर ओट्याचा दगड पायाला चटके देत होता. मी गाठोड्यावर हात ठेवून दाबून बघितलं. तिची दोन्ही लुगडी, थंडीतली कोपरी, आरसा, फणी. त्या पोरीचं या जगात जे काही होतं ते सगळं त्यात होतं.

मी नवरीकडे गेले. ती सोळा वर्षांची, अंगाला हळद लागायची होती आणि डोळे रडून सुजलेले. मी तिला सांगितलं की ही पोरगी परत येणार नाही, तिला तुझ्या भांड्यांबरोबर देऊन टाकतायत. तिनं तोंड फिरवलं.

“मला ठाऊक हाय.”

“ठाऊक आहे?”

“मीच मागितली. मंग काय करू? गोदाकाठी, जांबच्या बाजूला, कुणाची वळख ना पाळख. ती असली म्हंजी निदान कुणाशी बोलता तर येईल.” मग हळूच म्हणाली, “तू पुस्तकातलं बोलू नको ताई. तू चार रोज रागावशील आन् जालन्याला जाशील. मला जन्म काढायचाय.”

 तिलाही तर या लग्नाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाला सोबत हवी म्हणून दुसरा माणूस देऊन टाकायचा, हे मला पटणं शक्य नव्हतं, आणि आजही नाही.

काका ओसरीवर होता. पाहुणे पान खात होते. मला येताना बघून तो हसला. “आल्या जालन्याच्या वकीलसाहेब. काय फिर्याद?”

“काका, पाठराखिणीला आणायला मुराळी कोण जाणार?”

“तुला काय करायचंय?”

“ती पाच दिवसांत येणार ना?”

“पोटच्या पोरीसारखी वाढवली तिला. माझ्या घरात तिला काय कमी केलं का म्या? इचार जाऊन.”

“पोटच्या पोरीसारखी असेल तर तिचं लग्न कवा करताय?”

एक पाहुणा खोकला. काका उठला, मला खांबाच्या आडोशाला घेऊन गेला. त्याचा आवाज मऊ झाला. काकाचा आवाज मऊ झाला की घरात सगळे घाबरत.

“तुझ्या मामाच्या पोत्यांत सरकीबिगर काय असतं, ते मला बराबर ठाऊक हाय. परवा पाठवणीच्या पंगतीला अमीनसाब येऊन राह्यलेत. माझ्या शेजारी बसतील. जेवताना माणूस कायबी बोलून जातो.” त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. “बहिणीला हळद लाव जा.”

मी हळद लावायला गेले. वाटीतली हळद दोनदा खाली सांडली, बायकांना वाटलं मी बहिणीसाठी रडवेली झालेय.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. त्या गडबडीत मावशी परसात राखेनं पातेली घासत बसली होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि एक पातेलं ओढून घेतलं.

“राहू द्या. हात काळे होतील.”

“मावशी, पोरगी किती दिवसांसाठी चाललीय?”

“मालक पाच रोज म्हन्ले.”

“तुम्ही किती दिवसांसाठी आल्त्या?”

तिचा हात थांबला नाही, पण एकाच जागी फिरत राहिला. मग म्हणाली, “माज्यासाठी मुराळी आलाच न्हाई. म्या वाट बघितली. मंग ही झाली, तिचा बाप गेला, मंग वाट बघायची राहून गेली.”

मला मोठं भाषण करता आलं असतं. पत्रकांत अशी भाषणं पुष्कळ असतात. पण खालाचं ते एक वाक्य आठवलं: बोलके जाती किधर? मी मावशीला एवढंच सांगितलं की जालन्यात मामाच्या घरामागे एक खोली रिकामी आहे.

“तुमच्या मामाच्या घरी म्या काय म्हनून राहू?” तिनं विचारलं. “तिथंबी भांडीच ना?”

“भाडेकरू म्हणून. जिनात कापूस निवडायला बायका रोजावर घेतात. दिवस भरला की मजुरी हातात. मामीची भांडी मामी घासेल.”

“आन् म्या न्हाई म्हन्ले तर?”

“तर नाही.”

“पाच रोज म्हन्ले मालक,” ती पुन्हा म्हणाली आणि पातेलं उपडं घातलं. तिला ते खरं वाटायला हवं होतं. तिची लेक आत नवरीच्या केसांत फुलं माळत होती आणि गोदा केवढी मोठी असते, असं सगळ्यांना विचारत होती.

पाठवणीच्या सकाळी वेशीजवळ गाड्या उभ्या केल्या. पुढं नवरा-नवरीची दमणी, बैलांना झुली, मागं आंदणाची गाडी. पंगत उठली होती. अमीनसाहेब काकाच्या शेजारी खुर्चीवर पाय पसरून बसले होते. नवरीच्या ओटीत नारळ पडला. मावशीच्या लेकीला काकूनं नवं पातळ नेसवलं होतं, ती त्यात बुडून गेली होती. तिला दमणीकडे न नेता मागच्या गाडीकडे नेलं. पाठराखीण नवरीशेजारी बसते. भांड्यांशेजारी बसत नाही.

मी पदर खोचला आणि दमणीत चढले.

“हे काय?” काकू खाली उभी राहून कुजबुजली.

“पाठराखीण मी जातेय. सख्खी चुलत बहीण असताना दुसरं कोण जाणार?” मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. “पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“बिनलग्नाची एवढी घोडी, पाठराखीण? लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू देत. पोरीला उतरवा.”

काका आला. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं. “बरं बरं, दोघी जाऊ द्या. नवरीला सोबतच होईल.”

“मग दोघींना आणायला मुराळी येईल ना काका? पाचव्या दिवशी?”

“येईल की.” सगळे ऐकत होते. तो दुसरं म्हणू शकत नव्हता.

विहीणबाई दमणीशेजारीच उभ्या होत्या. जाडजूड, सरळ बोलणाऱ्या बाई. त्यांना यात लपवण्यासारखं काही आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “पाठराखीण म्हनून कुणीबी येऊ द्या, आमची ना न्हाई. पण पोरगी माघारी कशाची? ती तर आंदणात धरलीय. सुपारी फुटली तवाच ठरलंय की. गाय नको, पोरगी द्या, असं आमीच म्हन्लं. कामाला माणूस पायजे.”

 वाजंत्री वाजवणारे तेवढे वाजवत होते, मग तेही थांबले.

मावशी गर्दीच्या कडेला उभी होती. ती पुढं आली. धावत नाही, ओरडत नाही. आंदणाच्या गाडीशी गेली, घंगाळामागचं गाठोडं ओढून काढलं आणि काखेत मारलं. मग लेकीचा हात धरून तिला खाली उतरवलं.

“ठेव ते,” काका म्हणाला.

ती थांबली. मला वाटलं आता ठेवेल. एवढ्या वर्षांत त्या घरात ‘ठेव’ म्हटल्यावर तिनं ठेवलं नाही असं झालं नव्हतं.  पण गाठोडं काखेतच राहिलं.

अमीनसाहेब दात कोरत बघत होते. “क्या मामला है पाटीलसाब?”

“कुछ नई साब. घर का मामला है.”

“असं असंल तर आमचीबी गाडी हलत न्हाई,” विहीणबाई म्हणाल्या आणि दमणीच्या दांडीवर हात ठेवला. “शब्द म्हंजी शब्द.”

आता सगळं माझ्या बहिणीवर आलं होतं. नवरी वेशीत बसून राहिली, गाडी हलली नाही, म्हणजे पुढं काय होतं ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. काकूनं तोंडाला पदर लावला. मावशीची नजर नवरीवर गेली आणि मी पाहिलं की तिची काखेतली पकड सैल होतेय. नवरीलाही तिनंच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, कोरडा, मला ओळखू न येणारा. “मला उन्हात किती वेळ बसवता? चला.” मग तिनं मुंडावळ्या बाजूला सारून नवऱ्याकडे बघितलं. बघू नये असं सगळ्यांनी शिकवलेलं असताना बघितलं. “चला म्हणते ना.”

नवरा गोंधळला, पण त्यानं गाडीवानाला मान हलवली. विहीणबाईंचा हात दांडीवरून निघाला. दमणी चालू लागली. वेस मागं पडेपर्यंत बहीण माझ्याकडे वळली नाही. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं काढून घेतला.

सासरी विहीणबाईंनी आंदणातली तूट माझ्याकडून भरून काढली. पाणी, झाडलोट, खरकटी. पाठराखिणीला कुणी काम सांगत नाही, मला सांगितलं, आणि मी केलं. हातानं काम करताना डोकं मोकळं राहतं. मी सारखी तिकडचाच विचार करत होते. दमणी निघाल्यावर वेशीत काय झालं असेल? काका त्या दोघींना घरात घेऊन गेला असेल. दार लावलं असेल. गर्दीसमोर घेतलेलं गाठोडं गर्दी पांगल्यावर कुणीही हिसकावून घेऊ शकतं.  तिसऱ्या दिवशी बहीण माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

“ती गेली असंल का गं?”

“ठाऊक नाही.”

“तिनं माझा एक गजरा अर्धाच गुंफलाय,” ती म्हणाली.

मुराळी म्हणून काका स्वतः आला. त्यानं विहीणबाईंना नमस्कार केला, जेवला, हसला. मांडवपरतणीला नवरीला आठवड्यानं पाठवू, असं त्या म्हणाल्या. हा त्यांचा सूड होता, तो त्यानं गिळला. गाडी गावाबाहेर पडल्यावर तो माझ्याकडे न बघता बोलला.

“दोघी गेल्या.”

मी त्याच्याकडे वळले.

“कुठं गेल्या ते तुला ठाऊक हाय.”

“आहे.”

“सांगशील?”

“नाही.”

“नको सांगू. मला एवढी अक्कल हाय.” तो बैलांना उगाच मारत होता. “घरात भांड्यांचा ढीग पडलाय. तुझी काकू अंथरुणाला खिळली. गाव हसून राह्यलंय. अमीनाला माझा एक शब्द बास हाय, ठाऊक हाय ना?”

“आहे.”

तो शब्द त्यानं पुढं टाकला. मामा काही महिने तुरुंगात राहिला. बाहेर आल्यावर त्यानं मला एकदाही बोल लावला नाही, उलट पोती आता कुणाकडे उतरवायची याचाच विचार करू लागला. पण त्या दिवशी यातलं काही घडलेलं नव्हतं. आम्ही जालन्यात शिरलो. गिरण्यांचे भोंगे होऊन गेले होते. मला घरी सोडायचं म्हणून गाडी मामाच्या दारातच थांबणार होती, आणि मला ती अडवता येत नव्हती.

अंगणात मावशी बसली होती. केसांत, भुवयांवर कापसाची म्हातारी चिकटलेली. लेक तिच्या शेजारी, दोघी एका ताटात भाकरी खात होत्या. खाला आपल्या ओट्यावरून बघत होती, मामी दारात. काकाला बघून मावशी ताडकन उठली. तिचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला. मग ती परत खाली बसली. मला वाटतं ते बसणंच तिला सगळ्यात अवघड गेलं असावं.

“चल,” काका म्हणाला. “झालं ते झालं. तुझी मालकीण निजून हाय.”

“जिनात काम लागलंय,” मावशी म्हणाली.

“दोन रोज घेतील आन् काढून टाकतील. मंग?”

“मंग दुसऱ्या जिनात.”

“पोरीचं काय? तिचं लगीन कोण करंल? म्या करतो. सगळा खर्चा माझा. शब्द देतो.”

मावशीनं भाकरीचा तुकडा मोडला. “तुमचा शब्द त्या विहीणबाईंकडं हाय,” ती म्हणाली. “म्या येत न्हाई. ही बी येत न्हाई.”

काका उभाच होता. उन्हातून आलेला, घशाला कोरड पडलेली. तो ओट्याच्या कडेवर बसला आणि रागानं नाही, धमकीनं नाही, सवयीनं म्हणाला, “पाणी आण.”

पोरगी उठली. तिचे पाय माठाकडे वळलेसुद्धा. मावशीनं तिच्या पातळाचं टोक धरलं आणि तिला खाली बसवलं. “जेव तू.”

मामी हलली नाही. खालानं पान तोंडात घातलं. मीही जागची हलले नाही. काका बराच वेळ वाट बघत बसला. मग तो उठला, स्वतः माठाशी गेला, आणि तांब्या कुठं असतो ते त्याला ठाऊक नसल्यामुळे ओंजळीनं प्यायला.